ओ देणाऱ्याला उत्तर द्या : मंडळीच्या पंचांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, सेक्रेटरीसाहेब आणि पंचमंडळातील सर्व वडीलजनहो,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हेच पत्र बंद पाकिटात मी तुम्हांला दोनदा दिले आहे. पहिल्याची पोच आली नाही. दुसरे हातात घेताना सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "बघू या बाई, मीटिंगपुढे ठेवतो." मीटिंगा झाल्या. पत्र पुढे ठेवले गेले की मागे, ते कळले नाही. म्हणून आता पाकीट नको. मंडळीतल्या सगळ्यांनी वाचावे, आणि जिथे कुठे अशीच मंडळी असेल, अशीच एखादी वही कपाटात पडली असेल, तिथल्यांनीही वाचावे.

वही कोणती, ते आधी सांगते.

गेल्या वर्षी समर्पणाच्या रविवारी पाहुण्या उपदेशकांनी यशयाचा सहावा अध्याय घेतला. "मी कोणाला पाठवू? आमच्यासाठी कोण जाईल?" उपदेश लांबला, पण त्या दिवशी कोणी घड्याळाकडे पाहिले नाही. शेवटी ते म्हणाले, ज्यांच्या मनाशी प्रभू बोलला असेल त्यांनी जागेवर उभे राहावे. अकरा जण उभे राहिलो. सेक्रेटरीसाहेबांनी निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत एकेकाचे नाव, वय, फोन नंबर आणि 'कोणती सेवा' हे लिहून घेतले. पाळकसाहेबांनी आमच्यासाठी प्रार्थना केली. मंडळीने मोठ्याने आमेन म्हटले. त्याला चौदा महिने झाले. अकरांपैकी एकालाही कोणी बोलावले नाही, विचारले नाही, होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही.

आणि गेल्या महिन्यात फळ्यावर सूचना लागली. यापुढे मंडळीतील कोणत्याही सेवेसाठी नाव देणाऱ्याचे वय ४० च्या आत असावे, बायबल कॉलेजचा किमान एका वर्षाचा दाखला असावा, दोन पंचांची शिफारस असावी, आणि खाली एक ओळ, "यापूर्वी दिलेली नावे विचारात घेतली जाणार नाहीत." त्या एका ओळीखाली आम्ही अकरा जण गेलो.

मी ५८ वर्षांची आहे. ३१ वर्षे नर्स होते, आता निवृत्त. ड्यूटी सांभाळून १९ वर्षे संडे स्कूलचा लहान वर्ग घेत आले आहे. (नव्या सूचनेप्रमाणे तोही मला घेता येणार नाही. हे सूचना लिहिणाऱ्याच्या लक्षात आले नसावे. आले असेल तर मग बोलणेच संपले.) वहीत माझ्या नावापुढे 'कोणती सेवा' या रकान्यात मी सांगितले होते: जे सभासद अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्या घरी जाणे, वचन वाचणे, प्रार्थना करणे, लागलेच तर कूस बदलून देणे. मी व्यासपीठ मागितले नव्हते, मानधन मागितले नव्हते, किल्ल्या तर मुळीच नाही.

भावनेच्या भरात उभी राहिले असे कोणी म्हणू नये म्हणून एक गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी रात्रपाळीला वॉर्डात एक म्हातारी बाई शेवटच्या घटका मोजत होती. ती म्हणाली, बेटा, तेविसावे स्तोत्र म्हण. मी सुरू केले. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे"पासून दोनतीन वचने झाली असतील, तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून हाक आली आणि मला जावे लागले. परत आले तेव्हा ती गेली होती. मृत्युच्छायेच्या खोऱ्यापर्यंत आम्ही दोघी पोचलोच नाही. ड्यूटीत चूक नव्हती, पलीकडच्या माणसाचा श्वास अडकला होता. पण ते अर्धे राहिलेले स्तोत्र माझ्या डोक्यातून गेले नाही. निवृत्त झाल्यावर मला वाटले, आता कुठलीही खाट मला मध्येच बोलावणार नाही. आता पूर्ण म्हणता येईल. याला पाचारण, म्हणजे देवाची हाक, म्हणायचे की म्हातारपणाची हळहळ, हे मला एकटीला ठरवता येत नाही. ते ठरवायला मदत करणे हे तुमचे काम होते. त्यासाठीच मी नाव दिले.

आता तक्रारी. माणसांबद्दल नाहीत, रीतीबद्दल आहेत.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार गप्प बसण्याची.

शमुवेलाची गोष्ट मी लहान वर्गाला दरवर्षी सांगते. आपण ती नेहमी त्या मुलाच्या बाजूने सांगतो: शहाणा मुलगा, हाक आली की धावला. पण निम्मी गोष्ट एलीची, म्हणजे ज्याच्या हाताखाली तो मुलगा सेवा करत होता त्या याजकाची आहे. मुलाला हाक कोणाची ते कळत नव्हते. तो उठला आणि एलीकडे धावला, कारण त्याच्या जगात हाक मारणारा मोठा माणूस तोच होता. एली म्हणाला, मी हाक मारली नाही, जा, नीज. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मुलगा आला तेव्हा एलीच्या ध्यानात आले की परमेश्वर या पोराला हाक मारतो आहे. मग त्याने काय उत्तर द्यायचे ते शिकवले: "हे परमेश्वरा, बोल, तुझा दास ऐकत आहे." एली म्हातारा होता, त्याची नजर मंद झाली होती, घरात पोरांचे वागणे लाज आणणारे होते. त्या काळी परमेश्वराचे वचन दुर्मीळ झाले होते, असे शास्त्रच सांगते. तरीही तो चुकतमाकत तिसऱ्या वेळी का होईना, ओळखू शकला. आणि सकाळी त्याने मुलाला जवळ बोलावून विचारले, काय ऐकलेस, माझ्यापासून लपवू नकोस. जे ऐकायला मिळाले ते त्याच्याच घराविरुद्ध होते. तरी तो म्हणाला, तो परमेश्वर आहे, त्याला बरे दिसेल ते तो करो.

वडीलजनहो, या गोष्टीत तुम्ही एलीच्या जागी आहात. ती जागा हलकी नाही. देवाची हाक आणि मनाचा भास यांतला फरक नवख्याला कळत नाही. तो मंडळीतल्या मोठ्यांकडे धावतो. तुम्ही एकदा "जा, नीज" म्हणालात तर समजू शकते, दोनदा म्हणालात तरी समजू शकते. पण तुम्ही "जा, नीज" एवढेही म्हणाला नाहीत. तुम्ही वही मिटून कपाटात ठेवली.

त्याचा परिणाम काय झाला ते तुमच्यापर्यंत आले नसेल, माझ्यापर्यंत आले. त्या अकरांत एक १९ वर्षांची मुलगी होती, माझ्याच वर्गात वाढलेली. शमुवेलाचे ते वाक्य तिला मी पाठ करून घेतले होते, ती पाच वर्षांची असताना. समर्पणाच्या रविवारी ती माझ्या दोन बाकं पुढे उभी राहिली. रकान्यात तिने लिहायला सांगितले होते, "जिथे पाठवाल तिथे." आठ महिन्यांनी ती मला म्हणाली, "मावशी, मला वाटलं होतं देवानं बोलावलं. बहुतेक नसेल बोलावलं. बोलावलं असतं तर काहीतरी झालं असतं ना?" मी काय उत्तर देणार? तुमच्या गप्प बसण्याला ती देवाचे गप्प बसणे समजली. ती आता उपासनेला येत नाही. तिला कोणी काढले नाही, ती कोणाशी भांडली नाही. असेच जातात लोक. सभासदांच्या यादीत तिचे नाव अजून आहे.

दुसरी तक्रार तुमच्या नकाराबद्दल नाही, नकार न देण्याबद्दल आहे. कुणाला वाटेल, बाईला नाही म्हटलेले सोसत नाही. तसे नाही. नाही म्हणायचा तुम्हांला अधिकार आहे, आणि कधी कधी तेच कर्तव्य असते. पौलाने तीमथ्याला बजावले आहे की कोणावर हात ठेवण्याची घाई करू नको. बुरूज बांधायच्या आधी खर्चाचा हिशेब करा, असे प्रभूने स्वतः सांगितले. मुलांमध्ये काम करणाऱ्याची तर कसून चौकशी झालीच पाहिजे. त्या बाबतीत आपली मंडळी जितकी कडक होईल तितकी मला हवी आहे. प्रश्न एवढाच की चौकशी करायला माणसाला आधी भेटावे लागते.

स्पष्ट नकाराने काय होते याचे एक उदाहरण देते. ग्लॅडिस एलवर्ड नावाची इंग्लंडमधली मोलकरीण. तिला चीनला जायचे होते. चीनमध्ये काम करणाऱ्या मिशनने तिला शिकाऊ म्हणून घेतले आणि तिची प्रगती पुरेशी नाही, चिनी भाषा तिला जमणार नाही, म्हणून परत पाठवले. त्यांनी तोंडावर नाही म्हटले. ती पुन्हा श्रीमंतांच्या घरी भांडी-झाडलोट करायला लागली, पगारातून तिकिटाचे पैसे साठवले, आणि १९३२ मध्ये रेल्वेने सैबेरियामार्गे निघाली. पुढे तिने तिथली बोली इतकी शिकली की तिथल्या बायकांमध्ये ती त्यांच्यातलीच होऊन राहिली. मिशनचा अंदाज चुकला, पण मिशनने तिला टांगणीला लावले नाही. दार बंद आहे हे कळले म्हणून तिने दुसरे शोधले. आमच्यापुढचे दार बंद आहे की उघडे, हेच आम्हांला चौदा महिने कळलेले नाही.

तिसरी तक्रार वयाच्या आणि दाखल्याच्या अटीची. तुमच्या सूचनेत ४० ची रेघ कुठून आली, हे मी शास्त्रात शोधले. सापडली नाही. अब्राम हारान सोडून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता. मोशे फारोपुढे उभा राहिला तेव्हा ८० चा. आणि त्याच्या बाबतीत तर देवालाच समजूत घालावी लागली, कारण मोशे एकामागून एक सबबी सांगत होता आणि शेवटी म्हणाला, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. दुसऱ्या टोकाला यिर्मया, "मी केवळ बालक आहे" म्हणणारा. त्यालाही सूट मिळाली नाही. देवाला वय विचारात घ्यायचे असते तर त्याने मोशेला निवृत्त आणि यिर्मयाला अपात्र ठरवले असते.

दाखल्याबद्दल सावधपणे बोलते, कारण अभ्यासाची टिंगल मला आवडत नाही. जो रविवारी उपदेश करतो त्याला शास्त्र नीट आले पाहिजे. अर्धवट ज्ञानाने केलेले उपदेश आपण ऐकलेले आहेत, त्यांनी झालेली जखम भरायला वर्षे जातात. पण आजाऱ्याच्या उशाशी बसून स्तोत्र वाचायला दाखला? पेत्र आणि योहान धर्मसभेपुढे बोलले तेव्हा तिथल्या विद्वानांना आश्चर्य कशाचे वाटले? ही निरक्षर, साधारण माणसे इतक्या धैर्याने कशी बोलतात याचे. आमोसाला तर बेथेलच्या याजकाने सांगितलेच होते की इथून चालता हो. त्यावर तो म्हणाला, मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही. मी गुरे राखणारा, उंबरांची निगा ठेवणारा. परमेश्वराने मला कळपामागून काढून घेतले. मला त्याच्या उत्तरात बढाई दिसत नाही. दाखला विचारणाऱ्याला त्याने आपला धंदा सांगितला, एवढेच.

विल्यम केरी मोची होता. तरुणपणी पाळकांच्या बैठकीत त्याने परदेशी सेवेचा विषय काढला तेव्हा एका ज्येष्ठाने त्याला "खाली बस" म्हणून गप्प केले, अशी गोष्ट सांगतात. ती शब्दशः खरी की नंतर रंगवलेली यावर वाद आहे, म्हणून तिच्यावर भर देत नाही. पुढचे मात्र नोंदलेले आहे. तो १७९३ मध्ये भारताकडे निघाला. १८०५ मध्ये त्याने केलेले मराठीचे व्याकरण छापले गेले, १८१० मध्ये मराठी कोश, आणि १८११ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर आला. वैजनाथ पंडितांची त्याला या भाषेत मोठी मदत होती. आज आपण ज्या भाषेत "आमच्या बापा" म्हणतो तिच्या छापील शास्त्राची सुरुवात एका चांभाराच्या हातून झाली. त्याच्याकडे बायबल कॉलेजचा दाखला नव्हता. आणि पंडिता रमाबाई? हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचे मराठी भाषांतर करणारी, १९२२ मध्ये मृत्यूच्या उंबरठ्यापर्यंत ते काम ओढत नेणारी ती बाई आपल्या फळ्यावरची सूचना वाचून परत गेली असती. वयात बसली नसती.

रमाबाईंचे नाव निघाले तर चौथी गोष्ट थोडक्यात. अकरांत आम्ही सहा बायका होतो. वहीतल्या चौघींनी मला सांगितले की मधल्या काळात त्यांना "सेवेसाठी" एकच निरोप आला: सणाच्या आधी मंदिर झाडून घ्यायला या. झाडणे हलके काम नाही, मी स्वतः गेले होते. पण किंख्रियाच्या मंडळीची फीबी पौलाच्या पत्रात सेविका म्हणून आली आहे, तिचा स्वीकार करा आणि तिला लागेल ते साहाय्य द्या असे तो लिहितो. प्रिस्किल्लेने नवऱ्याबरोबर अपुल्लोसारख्या विद्वानाला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. यापेक्षा जास्त मी या मुद्द्यावर लिहीत नाही. तुम्हांला संदर्भ माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

पाचवी तक्रार माझी नाही, पण कोणी तरी मांडायलाच हवी. जे सेवेत आहेत त्यांची दशा बघा. गायनाचा प्रमुख, तरुण संघाचा सल्लागार, हिशेबनीस आणि अंत्यविधीच्या वेळी धावणारा, हे आपल्याकडे एकच माणूस आहे, गेली कित्येक वर्षे. त्याने यंदा थोडी विश्रांती मागितली तेव्हा त्याला ऐकवले गेले की समर्पण कमी पडते आहे. इथ्रोने मोशेला सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसलेले पाहिले तेव्हा तो सासरा असे म्हणाला नाही की वा, काय समर्पण! तो म्हणाला, तू करतोस ते ठीक नाही, तू आणि हे लोकही थकून जाल. एकीकडे थकलेल्याला समर्पणाचा धाक, दुसरीकडे ताज्या माणसांना वयाची अट. पाचारण हा शब्द आपण राबवून घ्यायला वापरतो आणि दूर ठेवायलाही वापरतो. तो असा दोन्हीकडून चालणारा सुरा नव्हे.

खरे सांगायचे तर पाचारणावरचे आपले सगळे उपदेश योनावर बेतलेले असतात. देवाने निनवेला जा म्हटले आणि हा तार्शिशचे जहाज पकडून पळाला; म्हणून मंडळीहो, पळू नका. फार चांगला उपदेश. पण आपल्या मंडळीत योना निनवेच्या रस्त्यावर पिशवी घेऊन उभा आहे आणि त्याच्याकडे दोन पंचांची शिफारस मागितली जात आहे. या योनासाठीही कधी एखादा उपदेश असावा.

त्यासाठी वचन शोधायला लांब जायला नको. मत्तयाचा विसावा अध्याय घ्या. प्रभूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर, म्हणजे दृष्टान्तावर, आपण नेहमी मजुरीपाशी थांबतो: तासभर राबलेल्याला आणि दिवसभर उन्हात राबलेल्याला सारखाच दीनार का? पण त्या आधीचे संभाषण पाहा. अकराव्या ताशी धनी बाहेर जातो, माणसे उभी दिसतात. तो विचारतो, तुम्ही सारा दिवस इथे रिकामे का उभे राहिलात? ती म्हणतात, आम्हांला कोणी कामावर लावले नाही. बस, एवढेच. आळशी नव्हती, रुसली नव्हती, काम नको म्हणत नव्हती. चौकात उभी होती, दिवस उतरेपर्यंत. धनी त्यांना उलटा प्रश्न विचारत नाही. म्हणतो, तुम्हीही मळ्यात जा. मी हा दाखला आयुष्यभर वाचला, पण ही ओळ मला ५८ व्या वर्षी दिसली, कारण मी चौकात उभी होते.

दर रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत आपण म्हणतो की पीक फार आहे खरे, पण कामकरी थोडे आहेत, हे पिकाच्या धन्या, कामकरी पाठव. पंचांपैकी कोणी तरी ही प्रार्थना करतो, बहुधा डोळे मिटून. डोळे उघडले तर समोरच अकरा जण बसलेले होते. आता सात उरलो आहोत. धन्याने प्रार्थना ऐकली होती. पाठवलेले कामकरी आपण कपाटात ठेवले.

मला माहीत आहे, तुमच्यापैकी काहींना वाटेल की ही कुरकुर आहे, आणि मंडळीत कुरकुर शोभत नाही. वडीलजनहो, प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय कुरकुरीनेच सुरू होतो. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते, म्हणून लोक कुरकुर करू लागले. बारा प्रेषितांनी त्यांना बंडखोर ठरवले नाही, प्रार्थना करून शांत व्हा म्हटले नाही, समिती नेमून चौदा महिने घेतले नाहीत. त्यांनी सगळ्या शिष्यसमुदायाला बोलावले आणि म्हटले, तुमच्यातून सात जण निवडा. निवडलेल्यांची नावे वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रोखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावे ग्रीक. म्हणजे दिसते असे की ज्यांची तक्रार होती त्यांच्यातूनच माणसे घेतली आणि वाटणीचे काम त्यांच्याच हाती दिले. त्या सातांतला एक पुढे पहिला रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासासाठी जीव देणारा, झाला, दुसरा शोमरोनात सुवार्ता घेऊन गेला. पंगतीत वाढायला निवडलेली माणसे होती ती.

आणि अंत्युखियाची मंडळी. उपास करून, प्रार्थना करून त्यांनी कोणाला पाठवले? बर्णबा आणि शौल, म्हणजे त्यांचे सर्वांत चांगले शिक्षक. त्या शौलालाही, म्हणजे पुढच्या पौलाला, कोणी तरी शोधून आणले होते, हे आपण विसरतो. तो तार्सात जाऊन राहिला होता, आणि यरुशलेमेतल्या बऱ्याच जणांना तो तिथेच राहिलेला बरा वाटत असणार. बर्णबा त्याचा शोध करायला तार्सास गेला आणि त्याला घेऊन आला. वर्षभर दोघांनी एकत्र काम केले. पौलाच्या तेरा पत्रांबद्दल आपण देवाचे उपकार मानतो. बर्णबाच्या त्या एका खेपेबद्दल मी अजून कोणाला उपकार मानताना ऐकले नाही.

आता मागण्या. मोठ्या नाहीत.

निळी वही कपाटातून काढा. तिच्यातल्या अकराही जणांना, जे गेले त्यांनाही, पुढच्या एका महिन्यात दोन पंचांनी घरी जाऊन भेटावे. फोन नको, मंदिराच्या दारात उभ्या उभ्या नको. बसावे, ऐकावे, प्रार्थना करावी. मग प्रत्येकाला उत्तर द्यावे: होय, नाही, किंवा अजून नाही. 'नाही' असेल तर कारण सांगावे. 'अजून नाही' असेल तर केव्हा आणि तोवर काय शिकायचे ते सांगावे. माझे उत्तर 'नाही' आले तरी मी हे पत्र लिहिल्याचा पस्तावा करणार नाही, आणि तुमच्याशी अबोलाही धरणार नाही.

फळ्यावरची सूचना मागे घ्या. उपदेशासाठी आणि प्रभुभोजनाच्या सेवेसाठी शिक्षणाची अट राहू द्या, मी स्वतः तिच्या बाजूने हात वर करीन. मुलांमधल्या कामासाठी चौकशीची अट घाला, ती आज लेखी नाहीच. पण वयाची अट पूर्ण काढा, आणि भेटी, प्रार्थना, संडे स्कूल, आजाऱ्यांची सेवा यांवरून दाखल्याची अट काढा. "यापूर्वी दिलेली नावे विचारात घेतली जाणार नाहीत" हे वाक्य तर आजच खोडा. त्या नावांसाठी तुम्ही देवापुढे प्रार्थना केली आहे आणि आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटले आहे.

नवीन माणसाला एकटे सोडू नका आणि एकदम पदही देऊ नका. सहा महिने जुन्या सेवकाबरोबर जोडी लावून द्या. प्रभूने शिष्यांना दोघे दोघे पाठवले होते. यात पारख आपोआप होईल, आणि त्या थकलेल्या भावाच्या खांद्यावरचे एखादे ओझेही उतरेल. त्याला यंदा विश्रांती द्या. मागितली म्हणून नव्हे. सातव्या दिवशी विसावा घेण्याची आज्ञा त्यालाही लागू आहे म्हणून.

शेवटचे, त्या मुलीकडे पाळकसाहेबांनी स्वतः जावे. मी बरोबर येईन, हवे तर बाहेर थांबेन. तिला सेवा द्या असे मी म्हणत नाही. कदाचित तिचे पाचारण दुसऱ्याच कुठल्या कामाचे असेल, शाळेचे, कोर्टाचे, प्रयोगशाळेचे. तिथेही देवाची सेवा होते, मी ३१ वर्षे इंजेक्शने देऊन हे शिकले. तिला फक्त एवढे सांगा की गप्प राहिलो ते आम्ही, देव नव्हे. ही चूक कबूल करायला पंचमंडळाच्या ठरावाची गरज पडू नये.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर आम्ही सातही जण मागच्या दोन बाकांवर थांबणार आहोत. घोषणा देणार नाही, कोणाची वाट अडवणार नाही. तुमच्यापैकी कोणी येऊन बसले तर बोलू. नाही आले तर त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा थांबू.

आपली, ख्रिस्तात बहीण,
लहान वर्गाची बाई

ता. क. निळी वही सापडत नसेल तर अडचण नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर अकराही नावे मी माझ्या बायबलच्या मागच्या कोऱ्या पानावर उतरवून ठेवली होती, रोज प्रार्थना करता यावी म्हणून. झेरॉक्स काढून देईन.